विवेकी कोण, समंजस कोण?

मागच्या वर्षी निबंध तपासताना मी एका विद्यार्थिनीच्या वहीत लाल शाईने शेरा मारला : ‘भावनेच्या भरात लिहिले आहे. विवेकाने मांडणी हवी.’ वीसपैकी आठ गुण दिले. निबंध तिच्या वस्तीतल्या पाण्याविषयी होता. चार दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. भांडायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘‘सर, विवेकानं म्हणजे कसं लिहायचं असतं?’’

मला उत्तर देता आले नाही. मी मराठीचा प्राध्यापक आहे. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस आहे. ‘विवेकाने बोला’ हे वाक्य मी शाळेपासून नोकरीपर्यंत इतक्यांदा ऐकले आहे की हातात लाल पेन आल्याबरोबर ते माझ्याही हातून आपोआप उतरले. तिला ‘उद्या ये’ म्हणून सांगितले. त्या ‘उद्या’साठी कोश आणि ग्रंथ चाळताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

‘अविवेकी’ या शब्दाच्या विरुद्ध बाजूला मराठीत किती शब्द उभे आहेत ते पाहावे. विवेकी, विचारी, तर्कशुद्ध, सयुक्तिक, वाजवी, समंजस, समतोल, संयमी, शहाणा, बुद्धिप्रामाण्यवादी. आपण हे सगळे एका पंगतीला बसवतो. समीक्षेत तर एकाच परिच्छेदात एकाच्या जागी दुसरा सहज येऊन बसतो. माझे म्हणणे असे की ही पंगत खोटी आहे. यांपैकी काही शब्द विधानाला प्रश्न विचारतात : याला आधार काय? आणि काही शब्द बोलणाऱ्याकडे पाहतात : हा कोणापुढे, किती आवाजात, कोणत्या पायरीवर उभा राहून बोलतो आहे? ‘सयुक्तिक’ हे विधानाचे विशेषण आहे. ‘समंजस’ हे माणसाचे आहे. समंजस सून असते, समंजस भाडेकरू असतो. समंजस प्रमेय कोणी ऐकले आहे काय? आणि समंजस सून म्हणजे जिचे म्हणणे पुराव्याने सिद्ध झाले ती नव्हे. जिने म्हणणे मांडलेच नाही ती. ‘विवेक’ हा शब्द या दोन जातींच्या बरोबर मध्ये बसलेला आहे. सोयीप्रमाणे तो कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. त्याची झडती घेणे म्हणून भाग आहे.

आधी इंग्रजी शब्दाचा निकाल लावू. ज्याला आपण ‘रॅशनल’ म्हणतो त्याचे मूळ लॅटिन ‘रेशिओ’. त्याचा अर्थ गणना, हिशेब. गणिताच्या पुस्तकात परिमेय संख्या असतात, त्याही याच घरच्या. आणि रेशनच्या दुकानातले ‘रेशन’ही त्याच मुळाचे. माझी माय शाळेची पायरी चढली नाही, पण दुकानात काटा मारला तर तिला तो समजे आणि ती तिथल्या तिथे बोले. शब्दाच्या मूळ अर्थाने ती पक्की हिशेबी, म्हणजे ‘रॅशनल’ बाई. दुकानदार तिला तोंडाळ म्हणे.

आता ‘विवेक’. हा शब्द ‘विच्’ धातूपासून आला. ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे, चाळणे. धान्यातून कोंडा वेगळा काढणे हा त्याचा जुना अर्थ कोशांनी दिलेला आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो. खळ्यावरची रास उचलून नेली की खाली माती, खडे, काड्या आणि त्यांत सांडलेले दाणे उरतात. त्याला मातेरे म्हणतात. आमच्या वाट्याला ते येई. माय ते सुपात घेऊन दारात बसायची. आधी फोलपट उडायचे, मग माती सुपाच्या तोंडाशी यायची, मग ती एकेक खडा बोटाने निवडायची. सूपभर मातेऱ्यातून ओंजळभर ज्वारी निघे. पाखडताना तिची नजर हलत नसे, आणि तेव्हा तिच्याशी बोललेले तिला खपत नसे. ‘विवेक’ या शब्दाचा धातू आमच्या दारातल्या सुपात होता. अर्थ मात्र दुसऱ्याच्या वाड्यात वाढला.

तो कसा वाढला ते पाहण्यासारखे आहे. वेदान्ताने विवेकाला पाखडायला दिले काय? नित्य आणि अनित्य. ब्रह्म तेवढे नित्य, जग अनित्य. म्हणजे ज्या जगात मातेरे कोणाच्या वाट्याला आणि रास कोणाच्या कणगीत, हा प्रश्न उभा राहतो, ते जगच कोंडा म्हणून उडवून टाकायचे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणि’ या ग्रंथाच्या आरंभीच दुर्लभतेच्या पायऱ्या लावलेल्या आहेत : माणसाचा जन्म दुर्लभ, त्यात पुरुषाचा दुर्लभ, त्यात ब्राह्मणाचा त्याहून दुर्लभ. विवेकाच्या नावाने लिहिलेल्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच स्त्री आणि शूद्र चाळणीतून खाली पडले. हे केवळ अध्यात्माचे रूपक आहे, असे कोणी म्हणेल. रूपकातसुद्धा कोणाला खाली ठेवायचे याची निवड माणूसच करतो.

‘तर्क’ या शब्दाची कथा आणखी उघड आहे. आजच्या बोलीत तर्क म्हणजे अंदाज, आणि तर्कट म्हणजे खोडसाळपणा. शब्दाची ही बदनामी जुनी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात एक कोल्हा भेटतो. तो सांगतो की मागल्या जन्मी आपण हेतुवादी पंडित होतो, वेदांची निंदा करीत होतो, निरर्थक तर्कविद्येच्या नादी लागलो होतो, म्हणून या जन्मी कोल्हा झालो. कौटिल्याने अर्थशास्त्रात ज्या आन्वीक्षिकीला सर्व विद्यांचा दीप म्हटले, आणि जिच्यात सांख्य व योगाबरोबर लोकायतालाही जागा दिली, तीच विद्या इथे कोल्ह्याच्या जन्माचे कारण होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर स्पष्ट आज्ञाच आहे : हेतुशास्त्राच्या बळावर जो द्विज श्रुतिस्मृतींचा अवमान करील त्याला साधूंनी बाहेर घालवावे. चौथ्या अध्यायात हैतुकाचा शब्दानेही आदर करू नये असे सांगितले. आणि बाराव्या अध्यायात तर्काला परवानगी दिली ती वेदशास्त्राला विरोध न करण्याच्या अटीवर. दावे बांधून चरायला सोडलेली गाय जितकी मोकळी, तितका हा तर्क मोकळा.

दुसऱ्या अध्यायातल्या त्या आज्ञेत एक शब्द आहे : बहिष्कार्य. कारण मागणारा माणूस बहिष्कार्य. १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले ते अस्पृश्यांच्या स्थितीवरून, हे उघडच आहे. तरीही हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. कारण विचारणारा आणि अस्पृश्य, दोघांना बाहेर घालवण्यासाठी एकाच धातूचा शब्द वापरलेला आहे.

‘शहाणा’ या शब्दाबद्दल फार लिहायला नको. आपल्यापैकी प्रत्येकाने तो कोणत्या स्वरात ऐकला आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मुलाने प्रश्न विचारला की तो चौकस, आमच्या मुलाने विचारला की ‘लई शहाणा झालास का’. ‘बामणाघरी लिवणं, कुणब्याघरी दाणं, महाराघरी गाणं’ ही म्हण गावात कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला गाणे दिल्याचे कौतुक. पण लिहिणे एका घरी ठेवले की विचारही तिथेच राहतो, आणि गाण्याच्या घरी उरतो तो गळा. पुढे समीक्षेत जे झाले त्याचे बीज या म्हणीत आहे.

जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली. तिचे स्वरूप संवादाचे आहे : धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. ब्रह्मदेवाच्या मुखातून एक वर्ण जन्मला असेल तर ते मुख चार दिवस विटाळशी होते काय, अशा जातीचे रोखठोक प्रश्न त्यांनी पुराणांना घातले. त्यांनी लावलेल्या कित्येक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत आणि आर्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास त्यांनी मांडला तसाच्या तसा आज कोणी मांडणार नाही. हे आपणच आधी सांगितले पाहिजे. पण त्या काळी ज्यांनी त्यांना उत्तर द्यायचे होते त्यांनी काय केले? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’तून जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी केली. प्रश्न पुराणातल्या अवतारांविषयीचा, उत्तर विभक्तिप्रत्ययांविषयीचे. विधानाची तपासणी सोडून बोलणाऱ्याच्या पायरीची तपासणी करण्याचा हा मराठी समीक्षेतला मूळ नमुना होय. आगरकर बुद्धिप्रामाण्यवादी, आणि जोतीराव ‘समाजसुधारक’, अशी वाटणी आमच्या पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ चालली. आगरकरांचे मोठेपण मला कमी करायचे नाही. त्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढले ते स्वतःच्या ज्ञातीचा रोष ओढवून घेऊन. पण ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या पुस्तकाच्या तोंडीच जोतीरावांनी विद्येपासून मतीपर्यंत आणि मतीपासून वित्तापर्यंत कारणांची जी साखळी लावली, ती बुद्धीला प्रमाण मानल्याशिवाय लागते काय? शूद्रांची दुर्गती दैवाने नव्हे, अमुक कारणाने झाली, हे सांगणे हाच बुद्धिप्रामाण्यवाद. ‘मती’ हा शब्द खेड्यातला म्हणून तो तत्त्वज्ञान ठरला नाही, एवढेच.

दलित साहित्य आले तेव्हा हीच तऱ्हा पुन्हा चालली. १९७२ साली ‘गोलपिठा’ आणि १९७८ साली ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्या काळच्या आणि नंतरच्याही परीक्षणांत आक्रोश, आक्रस्ताळेपणा, प्रचारकी, संयमाचा अभाव, कलात्मक अंतर नाही, हे शब्द वारंवार येतात. यातला एकही शब्द ‘हे खोटे आहे’ असे म्हणत नाही. लेखकाने सांगितलेली गोष्ट घडली की नाही, तिची कारणे त्याने लावली ती बरोबर की चूक, याविषयी परीक्षणकर्ता चकार शब्द काढत नाही. त्याला आवाजाचा त्रास होतो. याला अपवाद होते, ते नोंदवले पाहिजेत. विजय तेंडुलकरांनी ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहिताना न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. न कळले ते विचारावे, हे वागणे मला पानभर संयमाच्या उपदेशाहून जास्त विवेकाचे वाटते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. ‘विवेक’ हा शब्द टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरात सुरू केलेल्या मासिकातून, जे पुढे ‘आजचा सुधारक’ या नावाने चालले, ‘विवेकवाद’ हा शब्द पुराव्याच्या आणि युक्तिवादाच्या अर्थाने रुजवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. नरेंद्र दाभोलकरांनी तो गावोगाव नेला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या शब्दासाठी माणूस मारला जातो तो शब्द पोकळ असू शकत नाही. म्हणूनच तो समंजसपणाच्या दावणीला बांधू देता कामा नये.

बाबासाहेबांनी या शब्दांच्या गर्दीत कोणता शब्द निवडला? मे १९५६ मध्ये बी.बी.सी.वरून बोलताना त्यांनी बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो याची तीन तत्त्वे सांगितली : प्रज्ञा, करुणा, समता. त्यात प्रज्ञेचा अर्थ त्यांनी विरुद्ध शब्द देऊन सांगितला : अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कार यांच्या उलट असलेली समज. व्याख्या इतकी नेमकी आहे की माझ्या विद्यार्थिनीला मी ती पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो. या व्याख्येत आवाज नाही, पायरी नाही, संयम नाही. आणि प्रज्ञेच्या सोबत समता आहे. माझ्या मते ही सांगड सहज आलेली नाही. समोरचा बरोबरीचा मानला नाही तर त्याचे म्हणणे तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

१९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी मनूच्या याच वचनाकडे बोट दाखवून विचारले होते की हिंदूला जातीविषयी बुद्धी चालवायची मोकळीक आहे कोठे? त्यांचे आगगाडीचे उदाहरण मला फार मार्मिक वाटते. हिंदू माणूस गाडीत बसला की जात मोडतो आणि उतरला की पुन्हा पाळतो. या विसंगतीने त्याचे डोके दुखत नाही, कारण शास्त्राने प्रायश्चित्ताची सोय करून ठेवली आहे. प्रायश्चित्ताने विसंगती धुऊन निघाली की विचार करायची वेळच येत नाही. हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले. मंडळाच्या सज्जन सभासदांना त्यातले काही भाग खटकले. ते गाळावेत असे सुचवले गेले. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषदच रद्द झाली. त्या पत्रव्यवहारात समंजस कोण दिसते आणि विवेकी कोण, हे वाचकांनी स्वतः ताडून पाहावे.

महाडचेही तसेच. १९२४ साली नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, २० मार्च १९२७ रोजी आमची माणसे ओंजळीने पाणी प्याली, आणि मग शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ‘जरा दमाने घ्या’ हा उपदेश तेव्हा कोणाला केला गेला? शेण कालवणाऱ्याला नव्हे. प्रकरण कोर्टात गेले. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवणारी रूढी अनादी काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निर्णय मुंबई हायकोर्टाने १९३७ साली दिला. कोर्टाने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. माझी माय तो रेशनच्या दुकानात विचारी : कशावरनं?

बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद राजाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. एक राजा, एक भिक्खू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्यांची गाठ पडते. वाद सुरू होण्याआधी नागसेन अट घालतो : पंडितांसारखा वाद करणार असशील तर करू, राजांसारखा करणार असशील तर नको. फरक काय, असे मिलिंद विचारतो. पंडितांच्या वादात पेच घातला जातो, सोडवला जातो, चूक दाखवली जाते, आणि त्यावर कोणी रागावत नाही. राजा मात्र विरुद्ध बोलणाऱ्याला दंड फर्मावतो. या ग्रंथात पुढे नागसेन प्रज्ञा म्हणजे काय ते सांगताना जवाचे शेत कापणाऱ्या माणसाचा दाखला देतो. डाव्या हाताने तो पेंढी धरतो, उजव्या हातातल्या विळ्याने कापतो. धरणे म्हणजे मनसिकार, लक्ष देणे. कापणे म्हणजे प्रज्ञा. लक्ष देणे तर शेळ्यामेंढ्यांनाही असते, प्रज्ञा नसते, असेही तो म्हणतो. विळा आणि पेंढी! वेदान्ताचा विवेक जग सोडायला सांगतो, नागसेनाची प्रज्ञा शेतात वाकून काम करते. अंगुत्तरनिकायातला कालामांना केलेला उपदेश आपण सगळे सांगतो. पण त्यात परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्याबरोबर केवळ तर्काला जुळते म्हणूनही मानू नका असे म्हटले आहे, ते सांगायचे राहून जाते. तर्क बरोबर असूनही माणूस खोटा निष्कर्ष काढू शकतो. स्वतः पडताळा घ्यावा लागतो.

आता घरचेही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख चिपळूणकरांच्या माळेतलाच एक मणी होईल. आमच्या मुलींची नावे प्रज्ञा आहेत, मुलांची प्रबुद्ध आणि मिलिंद. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या एका बैठकीत एका पोराने वर्गणीचा हिशेब मागितला. मोठ्या माणसाने त्याला सांगितले, ही प्रश्न विचारायची वेळ नाही, समाजाची एकजूट महत्त्वाची, जरा समंजसपणा दाखव. हाच शब्द! ज्या शब्दाने आम्हाला गप्प केले तोच आम्ही आपल्या पोरासाठी उचलला. नागसेनाच्या अटीप्रमाणे तो राजाचा वाद होता. मी मंचावर पाहुणा म्हणून बसलो होतो आणि काही बोललो नाही. त्या दिवशी मीही समंजस होतो.

विद्यार्थिनीकडे परत येतो. ती आली त्या रात्री मी तिची वही पुन्हा काढली. पहिला परिच्छेद संतापाचा होता, आणि मी तेवढाच वाचून शेरा मारला होता हे आता मला कबूल केले पाहिजे. दुसऱ्या पानापासून तिने बारा दिवसांची नोंद दिली होती. टँकर कोणत्या दिवशी, किती वाजता, गावठाणात आधी की वस्तीत आधी, घरटी किती हंडे. वस्तीत टँकर यायचा तोपर्यंत तळाचे पाणी उरलेले असे, हे तिने हंड्यांच्या आकड्यांवरून दाखवले होते. राग पहिल्या परिच्छेदात होता तो या आकड्यांतूनच आलेला होता. बारापैकी एका दिवशी मात्र रकाना कोरा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर माझा शेरा खोडला. गुण बदलले. मग वहीच्या कडेला पेन्सिलीने प्रश्न लिहिला : मंगळवारची नोंद का नाही?

तिने तो उभ्या उभ्याच वाचला. ‘‘त्या दिवशी टँकर आलाच नाही, सर,’’ ती म्हणाली. ‘‘मी दिवे लागेपर्यंत थांबले होते. न आल्याची नोंद कशी करायची ते मला कळलं नाही.’’

मी म्हणालो, शून्य लिही, आणि किती वाजेपर्यंत थांबलीस ते लिही. तिने खाली बसून लिहिले.